क्रूझर दुचाकीला रुंद टायर : रुबाब वाढतो, हाताळणी, सुरक्षितता आणि कायद्याचे काय?

नवी दिल्ली : क्रूझर प्रकारच्या दुचाकीचा अर्धा रुबाब तिच्या मागच्या चाकात असतो. बसकी बैठक, पुढे घेतलेले पायदान, लांब हँडल आणि मागे भरदार, रुंद टायर अशी या गाडीची ओळख ठरून गेली आहे. त्यामुळे मूळ टायर झिजून बदलण्याची वेळ आली की, ‘त्याच मापाचा कशाला, एक माप रुंद टाकू या’ हा विचार अनेक मालकांच्या मनात येतो आणि टायरच्या दुकानातही त्याला सहज दुजोरा मिळतो. तथापि, दुचाकी केवळ दोन तळहातांएवढ्या रबराच्या आधारावर रस्त्यावर उभी असते. त्या रबराचा आकार बदलला की गाडीचे वळणे, थांबणे, वेग दाखवणे आणि काही प्रसंगी तिची कायदेशीर स्थितीही बदलू शकते. हा बदल नेमका काय घडवतो आणि तो करण्यापूर्वी काय तपासावे, याचा हा आढावा.

हौस कुठून आली?

भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ अरुंद टायरचेच राज्य होते. जुन्या बुलेटला पुढे-मागे ३.२५-१९ मापाचे टायर असत. यातील ३.२५ हा आकडा इंचांतील रुंदीचा, म्हणजे जेमतेम ८३ मिलिमीटरचा. एकविसाव्या शतकाच्या आरंभी कावासाकी बजाज एलिमिनेटर आणि त्यानंतर २००५ मध्ये बजाज अ‍ॅव्हेंजर बाजारात आली आणि १५ इंची मागच्या चाकावरील १३० मिलिमीटर रुंदीचा टायर मध्यमवर्गीय ग्राहकाच्या आवाक्यात आला. रॉयल एनफिल्डच्या थंडरबर्डने १२०/८०-१८ पर्यंत मजल मारली. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या मीटिऑर ३५० ला मागे १४०/७०-१७, तर २०२३ मध्ये भारतात विक्रीस आलेल्या सुपर मीटिऑर ६५० ला १५० मिलिमीटर रुंदीचा टायर कारखान्यातूनच मिळाला.

या आवडीचे मूळ अमेरिकेतील ‘चॉपर’ संस्कृतीत आहे. तेथे हौशी कारागीर २०० ते ३०० मिलिमीटर रुंदीचे टायर बसवून गाड्या सजवू लागले आणि पुढे कंपन्यांनीही तो कल उचलला. हार्ले-डेव्हिडसनच्या २०१८ च्या फॅट बॉय या मॉडेलला मागे तब्बल २४० मिलिमीटर रुंदीचा टायर आहे. मात्र येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावा लागतो. अशा गाडीची चौकट, मागचा दुहेरी दांडा म्हणजे स्विंगआर्म, रिम आणि सस्पेन्शन हे सारे त्या टायरच्या भोवती आखलेले असते. घरच्या गाडीला रुंद टायर बसवताना नेमका उलटा प्रवास होतो. बाकी सर्व भाग जुन्याच मापाचे राहतात आणि बदलतो तो फक्त टायर.

टायरवरील आकडे काय सांगतात?

मीटिऑर ३५० च्या मागच्या टायरवर ‘१४०/७०-१७’ आणि त्यापुढे ‘६६ पी’ असे कोरलेले असते. यातील १४० म्हणजे मिलिमीटरमधील रुंदी. ७० म्हणजे टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे ९८ मिलिमीटर. १७ म्हणजे रिमचा इंचांतील व्यास. ६६ हा भारनिर्देशांक असून तो ३०० किलोग्रॅमपर्यंतची भारक्षमता दर्शवतो. ‘पी’ हे अक्षर ताशी १५० किलोमीटर वेगमर्यादेचे आहे. याच गाडीच्या पुढच्या टायरचा भारनिर्देशांक ५७, म्हणजे २३० किलोग्रॅम आहे.

दुकानात चर्चा होते ती बहुधा पहिल्या आकड्याची. प्रत्यक्षात दुसरा आकडा तितकाच निर्णायक असतो, कारण तो टक्केवारीत आहे. रुंदी वाढली आणि टक्केवारी तीच राहिली, तर टायर उंचही होतो. अ‍ॅव्हेंजरचा मूळ १३०/९०-१५ टायर सुमारे ६१५ मिलिमीटर व्यासाचा भरतो. त्याऐवजी १४०/९०-१५ बसवला तर व्यास ६३३ मिलिमीटर, म्हणजे जवळपास तीन टक्के अधिक होतो. मात्र १५०/८०-१५ हा त्याहून रुंद टायर घेतला, तर व्यास ६२१ मिलिमीटर, म्हणजे मूळ मापापेक्षा केवळ एक टक्का जास्त असतो.

थंडरबर्डच्या १२०/८०-१८ या मापाबाबतही हेच दिसते. त्याचा व्यास सुमारे ६४९ मिलिमीटर आहे. १३०/८०-१८ घेतल्यास तो अडीच टक्क्यांनी वाढतो, १३०/७०-१८ घेतल्यास दीड टक्क्याने घटतो आणि १४०/७०-१८ चा व्यास मूळ मापाच्या अगदी जवळ, अर्ध्या टक्क्याच्या फरकाने येतो. यावरून १४०/७० हाच उत्तम पर्याय, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. व्यास जुळणे ही केवळ पहिली पायरी आहे. त्या टायरला रिम पुरेशी रुंद आहे का, हा पुढचा आणि अधिक कठीण प्रश्न उरतोच.

व्यासातील फरकाचे परिणाम तीन ठिकाणी दिसतात. ज्या गाड्यांचा वेगमापक मागच्या चाकाकडून किंवा गिअरबॉक्सकडून माहिती घेतो, त्यांत चाक तीन टक्के मोठे झाले की काटा ताशी ८० किलोमीटर दाखवत असताना प्रत्यक्ष वेग पूर्वीच्या तुलनेत सुमारे अडीच किलोमीटरने जास्त असतो. वेगमापक मुळात थोडा वाढवून वेग दाखवतो. ती सुरक्षित सूट अशा वेळी कमी होते. दुसरे म्हणजे, चाक मोठे झाल्याने गिअरचे प्रमाण लांबते. महामार्गावर इंजिन किंचित निवांत फिरते. पण चढावर आणि दोघांच्या भाराने निघताना ओढ कमी जाणवते. तिसरा परिणाम डोळ्यांना न दिसणारा आहे. मागचा भाग नऊ मिलिमीटरने उचलला गेला, तर पुढच्या काट्याचा कल सुमारे एक तृतीयांश अंशाने उभा होतो. सरळ रेषेतील ज्या स्थैर्यासाठी क्रूझरचा काटा मुद्दाम पुढे झुकवलेला असतो, त्यातून तेवढी वजाबाकी होते.

खरा अडसर रिमचा

टायरची बाहेरील रुंदी रिमच्या आतील रुंदीशी बांधलेली असते. प्रत्येक टायर-उत्पादक आपल्या प्रत्येक मापासाठी किमान, शिफारस केलेली आणि कमाल अशी रिमची रुंदी प्रसिद्ध करतो. ती इंचांत असते. रिमवरही तिची रुंदी कोरलेली असते, ‘एमटी’ या अक्षरांपुढे २.१५, २.७५ किंवा ३.५० अशा स्वरूपात. हे दोन आकडे जुळले नाहीत, तर पुढील सर्व गणिते निरर्थक ठरतात.

अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग कमानीसारखा उंचावतो. परिणामी सरळ धावताना टायर केवळ मधल्या पट्ट्यावर चालतो, तो पट्टा लवकर झिजतो आणि गाडी कलंडताना टायरची वक्रता एकसारखी न राहिल्याने वळणात एकाएकी ‘पडल्याची’ भावना येते. वेगात बाजूच्या भिंती अधिक लवचिक वागतात आणि गाडी मागून डोलते. विशेष म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप, ती रुंदीही पूर्ण मिळत नाही. रिमची रुंदी अर्ध्या इंचाने बदलली की टायरची प्रत्यक्ष रुंदी सुमारे पाच मिलिमीटरने बदलते, असा या क्षेत्रातील सर्वमान्य ठोकताळा आहे. म्हणजेच आवश्यकतेपेक्षा एक इंच अरुंद रिमवर बसवलेला १५० चा टायर प्रत्यक्षात १४० च्या जवळपासच भरतो. पैसे रुंद टायरचे जातात, आकार बिघडतो आणि रुंदी जवळपास मूळचीच राहते.

याला उपाय म्हणून रिमही रुंद बसवता येते. पण मग स्पोक नव्याने ओवणे, चाक मधोमध आणणे आणि चेनची रेष पुढच्या-मागच्या चक्रांशी सरळ ठेवणे ही कामे ओघाने येतात. ती कुशल कारागिराची आहेत आणि खर्चही टायरपुरता राहत नाही.

पकड खरोखर वाढते का?

‘रुंद टायर, जास्त पकड’ हा सर्वाधिक प्रचलित समज आहे. तो अर्धसत्य आहे. टायर रस्त्याला जेथे टेकतो, त्या ठशाचे क्षेत्रफळ प्रामुख्याने चाकावरील भार आणि टायरमधील हवेचा दाब यांवर अवलंबून असते. मागच्या चाकावर १८० किलोग्रॅम भार आणि ३२ पीएसआय दाब असेल, तर ढोबळ हिशेबाने हा ठसा सुमारे ८० चौरस सेंटीमीटरचा येतो. टायर १२० चा असो वा १५० चा, भार आणि दाब तेच असल्यास क्षेत्रफळात मोठा फरक पडत नाही. बदलतो तो आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट असतो, तर रुंद टायरचा आखूड आणि आडवा. प्रत्यक्ष पकड ठरते ती रबराच्या मिश्रणावर, टायरच्या अंतर्गत बांधणीवर, नक्षीच्या खोलीवर आणि हवेच्या योग्य दाबावर. म्हणूनच मूळ मापाचा, पण दर्जेदार रबराचा नवा टायर हा अनेकदा जुन्या दर्जाच्या रुंद टायरपेक्षा अधिक सुरक्षित ठरतो.

ब्रेकच्या बाबतीत तर मागच्या टायरच्या रुंदीचा लाभ आणखी मर्यादित आहे. जोरात ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे सरकतो आणि थांबवण्याचे बहुतांश काम पुढचे चाक करते. त्यामुळे केवळ मागचा टायर रुंद केल्याने थांबण्याचे अंतर लक्षणीय कमी होईल, ही अपेक्षा फोल आहे. पावसाळ्यात आडव्या ठशाला समोरचे पाणी अधिक रुंदीत बाजूला सारावे लागते, हेही ध्यानात ठेवावे लागते. नक्षी झिजलेली असेल आणि हवा कमी असेल, तर हा तोटा वाढतो.

रुंद टायरचे काही लाभ मात्र खरे आहेत. हवेचे आकारमान वाढल्याने खड्ड्यांचे हादरे काहीसे सौम्य होतात, योग्य मापाच्या रिमवर भारक्षमता वाढते आणि सरळ महामार्गावर गाडी अधिक ठाम वाटते. क्रूझरचा बहुतांश उपयोग असाच होत असल्याने ही भावना निव्वळ भ्रम नव्हे.

वळणावर द्यावी लागणारी किंमत

सरळ रस्त्यावर मिळालेला ठामपणा घाटात वसूल केला जातो. दुचाकी वळताना कलंडते तेव्हा तिचा रस्त्याशी असलेला संपर्कबिंदू टायरच्या मध्यरेषेवरून आतल्या बाजूला सरकतो. टायर जितका रुंद, तितका हा बिंदू अधिक सरकतो आणि तोल राखण्यासाठी गाडी अधिक झुकवावी लागते.

गाडी आणि चालक यांचा एकत्रित गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटरवर आहे आणि वळणासाठी सैद्धांतिकदृष्ट्या ३० अंशांचा कल लागतो, असे धरू. १२० मिलिमीटरच्या टायरवर प्रत्यक्ष कल साडेतीन अंशांनी वाढवावा लागतो, १५० च्या टायरवर सुमारे साडेचार अंशांनी आणि २०० च्या टायरवर सहा अंशांहून अधिक. १२० वरून १५० वर गेल्यास फरक एका अंशाचाच आहे. स्पोर्ट्स प्रकारच्या गाडीवर तो जाणवणारही नाही. क्रूझरचे पायदान आणि सायलेन्सर मात्र मुळातच जमिनीलगत असतात. वळणात पायदान घासण्यापूर्वी हाताशी असलेले अंश मोजकेच असतात आणि त्यांतील एक आधीच खर्च झालेला असतो.

याखेरीज जड आणि रुंद टायरमुळे गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला कलंडवण्यास अधिक जोर लागतो. कोकणात उतरणारे सह्याद्रीचे घाट असोत, निलगिरीतील वळणे असोत किंवा हिमाचलातील डोंगररस्ते, लागोपाठ उलटसुलट वळणांवर हा जडपणा खांद्यांना जाणवतो. केवळ मागचाच टायर रुंद असेल, तर पुढचे अरुंद चाक चटकन वळू पाहते आणि मागचे रेंगाळते. या विसंगतीची सवय होण्यास वेळ लागतो आणि तो काळ जोखमीचा असतो.

जागा, चेन आणि एबीएस

टायर दुकानात बसला म्हणजे तो रस्त्यावरही बसेलच असे नाही. १४० ऐवजी १५० चा टायर घेतल्यास प्रत्येक बाजूला कागदोपत्री पाच मिलिमीटर जागा कमी होते. एका बाजूला चेन, दुसऱ्या बाजूला स्विंगआर्म आणि वर मडगार्ड अशी ही कोंडी असते. उभ्या गाडीत पुरेशी वाटणारी फट दोघे बसल्यावर आणि खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर नाहीशी होऊ शकते. वेगात टायर किंचित फुगतो. चेन ताणण्यासाठी चाक पुढे-मागे केल्यानेही फट बदलते. शिवाय एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात काही मिलिमीटरने कमी-जास्त भरतात. चेनला टायर घासणे हा केवळ आवाजाचा प्रश्न नाही. त्यातून टायरची बाजू कापली जाऊन वेगात हवा जाण्याचा धोका असतो. मडगार्डखाली चिखल अडकून चाक जाम होण्याची शक्यताही कमी फटीमुळे वाढते.

एप्रिल २०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपेक्षा अधिक क्षमतेच्या नव्या दुचाकींना एबीएस अनिवार्य आहे. दुहेरी एबीएस असलेल्या गाडीत दोन्ही चाकांच्या फिरण्याच्या वेगाची सतत तुलना होते आणि चाक घसरत असल्याचा अंदाज त्यावरून बांधला जातो. दोन्ही टायरच्या व्यासांचे मूळ प्रमाण गृहीत धरून ही यंत्रणा आखलेली असते. एक-दीड टक्क्याचा फरक टायरच्या नैसर्गिक झिजेतही पडतो आणि यंत्रणा तो सामावून घेते. फरक मोठा असल्यास मात्र तिचा अंदाज बिघडू शकतो. अशा गाड्यांत व्यास मूळ मापाच्या शक्य तितका जवळ ठेवणे, हाच सुज्ञपणा आहे.

स्पोक असलेल्या साध्या रिममध्ये ट्यूब अपरिहार्य असते, कारण स्पोकच्या भोकांतून हवा निसटते. त्यावर ट्यूबलेस टायर बसवला तरी आत ट्यूब घालावीच लागते आणि ती नव्या मापाची असावी लागते. जुनी लहान ट्यूब मोठ्या टायरमध्ये ताणली गेली की ती पातळ होते आणि पंक्चर झाल्यास हवा एकदम जाते. पुढे एका बांधणीचा आणि मागे दुसऱ्या बांधणीचा, म्हणजे एक रेडियल आणि एक बायस, असे मिश्रणही उत्पादकाच्या शिफारशीशिवाय टाळावे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांपासून वेगळे ठरतील, असा फेरफार वाहनमालकाला करता येत नाही. वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल घडवणारा रचनेतील फेरफार म्हणजे ‘बदल’, असे या कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी दिलेल्या निकालात याच तरतुदीचा कठोर अर्थ लावला आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफाराला परवानगी नसल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम १८२अ नुसार, नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कलम ५२ च्या स्पष्टीकरणात टायरचा नावाने उल्लेख नाही. टायर हा झिजून बदलण्याचाच भाग आहे आणि उत्पादकाने मालकाच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापांपैकी कोणतेही माप निवडण्यास अडचण नाही. त्यापलीकडील माप बसवले, त्यासाठी रिम बदलली, स्विंगआर्म रुंद केला किंवा मडगार्ड कापला, तर मात्र तो रचनेतील फेरफार ठरण्याची शक्यता वाढत जाते. स्विंगआर्म वा चौकटीला वेल्डिंग करणे हे तर कायदा आणि सुरक्षितता या दोन्ही कसोट्यांवर टिकणारे नाही.

टायरच्या दर्जाबाबत नियम अधिक स्पष्ट आहेत. केंद्र सरकारच्या २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने वाहनांच्या टायरना भारतीय मानक ब्युरोची मानके लागू केली. दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या टायरसाठी आयएस १५६२७ हे मानक आहे. त्यामुळे कितीही आकर्षक असला तरी आयएसआय चिन्ह नसलेला टायर घेऊ नये.

विम्याचा पैलू अनेकांच्या नजरेतून सुटतो. वाहनात केलेले बदल विमा कंपनीला कळवणे अपेक्षित असते. अपघातानंतरच्या पाहणीत न कळवलेला फेरफार आढळला, तर स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या दाव्यावर वाद उद्भवू शकतो. कंपनीच्या वॉरंटीलाही अशा बदलांची झळ बसू शकते.

निर्णय कसा घ्यावा?

रुंद टायर बसवायचाच असेल, तर क्रम उलटा न करणे महत्त्वाचे आहे. आधी टायर पसंत करून नंतर तो गाडीत कोंबण्याऐवजी, प्रथम रिमवरील रुंदीचा आकडा वाचावा. त्या रुंदीला टायर-उत्पादकाच्या तक्त्यात कोणती मापे मान्य आहेत, ते पाहावे. त्यांपैकी ज्याचा व्यास मूळ मापाच्या एक ते दीड टक्क्याच्या आत येतो, तेच माप विचारात घ्यावे. भारनिर्देशांक आणि वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा खालचे असू नये.

टायर बसवल्यानंतर चेन, स्विंगआर्म आणि मडगार्ड यांच्याजवळील फट दोन माणसांच्या भाराखाली मोजावी. चाक समतोल करून घ्यावे, फिरण्याच्या दिशेचा बाण तपासावा आणि बाजूवरील चार अंकी आकड्यावरून उत्पादनाचा आठवडा व वर्ष पाहून घ्यावे. हवेच्या दाबासाठी अंदाजावर न जाता गाडीच्या पुस्तिकेतील आकडा आधार मानावा आणि नव्या मापासाठी टायर-उत्पादकाचा सल्ला घ्यावा. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले शे-दीडशे किलोमीटर वेग आणि वळणे बेतानेच घ्यावीत. जुना टायर लगेच मोडीत न काढता काही दिवस ठेवावा, कारण घाटातील पहिल्याच फेरीनंतर मत बदलणारे चालक कमी नाहीत.

ज्यांच्या गाडीच्या रिमवर मूळ मापापेक्षा रुंद टायर मान्यच नाही, त्यांच्यासाठी उत्तर सरळ आहे. तेवढ्याच खर्चात मूळ मापाचा, उत्तम रबराचा टायर पुढे आणि मागे असा जोडीने घेता येतो. गाडी उभी असताना तो नजरेत भरणार नाही. पण ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक लावण्याची वेळ आली की त्याचा उपयोग कळतो.